आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : मुंबईच्या गोदीतील एक दुपार



मी इतिहासाचा पदवीधर नाही. शाळा नववीत सुटली आणि पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा विद्वानांच्या या व्यासपीठावर मी उभा राहतो तो एका कामगाराच्या नात्याने, एवढे आरंभीच सांगतो. ज्याला इतिहास घडत असताना कोणी काही सांगत नाही आणि घडून गेल्यावर कोणी काही विचारीत नाही, अशा माणसाच्या बाजूने एक प्रसंग आपल्यापुढे मांडावा, एवढाच माझा हेतू आहे.

१४ एप्रिल म्हटला की आम्हां कामगारवस्तीतल्या लोकांना बाबासाहेबांची जयंती आठवते. परंतु माझ्या तरुणपणी आमच्या युनियनच्या कचेरीत एक वृद्ध गोदीकामगार येऊन बसत असत. त्या दिवशी सकाळी ते निळ्या झेंड्याला वंदन करीत आणि दुपारी चारच्या सुमारास एकटेच गोदीच्या बाजूला तोंड करून उभे राहत. मी एकदा विचारले, "काका, काय पाहता?" ते म्हणाले, "पाहत नाही रे, ऐकतो. दोन आवाज झाले होते. ते कशाचे, हे मला तीन वर्षांनी कळले. जहाजाचं नाव कळलं तेव्हा देश स्वतंत्र झाला होता."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. ज्या माणसाच्या हाकेच्या अंतरावर जग फुटले, त्याला ते काय होते हे कळायला तीन वर्षे लागावीत! आज मला त्या स्फोटाविषयी बोलावयाचे आहे खरे. पण त्याहून अधिक बोलावयाचे आहे ते या तीन वर्षांविषयी.

प्रथम हकिकत सांगतो. 'फोर्ट स्टिकिन' हे सुमारे सात हजार टनांचे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडातील बर्कनहेड बंदरातून निघाले. दुसरे महायुद्ध चालू होते. जहाजावर सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि त्याच्या जोडीला सोन्याच्या १२४ विटा होत्या. त्यांची त्या वेळची किंमत सुमारे नऊ लक्ष पौंड. जहाज कराचीस आले. तेथे काही माल उतरला आणि रिकाम्या जागेत कापसाच्या हजारो गासड्या, तेलाची पिंपे, लाकूड, गंधक, राळ असा माल भरला गेला. कापूस आणि दारूगोळा एका पोटात भरणे म्हणजे काय, हे आपल्या घरातील गृहिणीलाही सांगावे लागणार नाही. जहाजाचे कप्तान नेस्मिथ यांनी हरकत घेतली. युद्धाचा काळ, जहाजांचा तुटवडा, या सबबीपुढे ती टिकली नाही. १२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागले.

आता येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्या. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावावा आणि आपला माल शक्य तो बंदराबाहेर, खोल पाण्यात, पडावांत उतरवावा, हा शांततेच्या काळचा रिवाज. युद्धामुळे तो शिथिल झाला होता. शत्रूला आपण होऊन लक्ष्य दाखवू नये, आणि माल लौकर उतरावा, ही त्यामागची दृष्टी. ती अगदीच खुळचट होती असे मी म्हणणार नाही. परंतु तिचा परिणाम असा झाला की शत्रूसाठी लपविलेली गोष्ट आपल्याच माणसांपासून लपली. शेजारच्या जहाजांना ठाऊक नाही, यारीवाल्याला ठाऊक नाही, भिंतीपलीकडे हातगाडी ओढणाऱ्याला तर नाहीच नाही. बाजूच्या वखारींत माणसे नेहमीप्रमाणे जेवून काम करीत होती.

१४ एप्रिल, शुक्रवार. दुपारची जेवणाची सुटी संपवून टोळ्या परतल्या आणि दोनच्या सुमारास दोन नंबरच्या फाळक्यातून धूर येत असल्याचे दिसले. पुढे चौकशीत असे आढळले की आजूबाजूच्या जहाजांवरील काही लोकांना हा धूर तासभर आधीच दिसला होता. त्यांनी कोणास सांगितले नाही. का? जहाज ज्याचे, त्याला कळले असेलच, असे प्रत्येकास वाटले. शिवाय बावटा नव्हता. साध्या मालाच्या जहाजातून थोडा धूर निघाला तर कोण धावत सुटतो? ज्याला धोक्याची कल्पनाच दिलेली नाही, त्याने दक्षता दाखविली नाही म्हणून त्याला दोष देणे हे आंधळ्याला वाट चुकला म्हणून मारण्यासारखे आहे.

धूर दिसल्यावर धक्क्यावर सज्ज असलेल्या आग विझविणाऱ्या पथकाने नळ सोडले. पथकाच्या नायकाने एक माणूस टेलिफोनकडे पिटाळला. "दोन नंबर" असा निरोप द्यावयाचा होता. मोठी आग, जादा कुमक पाठवा, असा त्याचा ठरलेला अर्थ. तो माणूस टेलिफोनपाशी पोहोचला आणि पाहतो तो यंत्राला तबकडीच नाही! अशा यंत्रावरून मधल्या माणसामार्फत बोलावे लागते. त्या घाईत ते न करता त्याने जवळच्या आगीच्या घंटेची काच फोडली. घंटा वाजली, पण घंटेला "दोन नंबर" म्हणता येत नाही. घंटेचा अर्थ एकच : कोठेतरी आग आहे. सव्वादोनच्या सुमारास अग्निशामक दलाला वर्दी मिळाली आणि नियमाप्रमाणे दोन बंब सुटले. खरी हकिकत कळून आणखी बंब निघेपर्यंत आणखी पाव तास गेला.

आपल्याकडे म्हण आहे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मित्रहो, मुंबईला त्या दिवशी बंब रामेश्वरीच गेला. सोमेश्वरी गेली ती बातमी.

यानंतरचे दीड तास मी जितक्या वेळा वाचले तितक्या वेळा माझे हात थंड पडले आहेत. जहाजावर आणि धक्क्यावर एकामागून एक अधिकारी जमत गेले. जहाजाचा कप्तान होता, अग्निशामक दलाचे प्रमुख होते, बंदराचे व्यवस्थापक होते, सैन्याच्या दारूगोळा खात्याचा अधिकारी होता, बुडालेली जहाजे काढणारा अधिकारी होता. एकजणही मूर्ख नव्हता आणि भित्रा तर नव्हताच. दारूगोळ्याचा अधिकारी म्हणाला, यात सारी गोदी उडविण्याइतका ऐवज आहे. जहाज येथेच बुडवा. दुसरा म्हणाला, धक्क्याला पाणी तेवढे खोल नाही. तिसरा म्हणाला, जहाज बाहेर ओढून न्या. पण यंत्राची दुरुस्ती चालू असल्याने जहाज स्वतःच्या बळावर हलू शकत नव्हते. आणि जहाज बाहेर काढले तर आग विझविणार कोण, हा बंबवाल्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. बंदराच्या अधिकाऱ्याला जहाजावर हुकूम नाही, सैन्याच्या अधिकाऱ्याला बंदरावर हुकूम नाही, आणि कप्तानाला सल्ले इतके मिळाले की त्यांतला हुकूम कोणता हे त्याला कळेना. बारभाईंची खेती, काय लागेल हाती!

मधल्या वेळात बत्तीस नळांतून पाणी ओतले जात होते. सुमारे ९०० टन पाणी गेले म्हणतात. परंतु आग नक्की कोठे आहे, हेच उमगले नव्हते. जहाजाच्या बाजूला एके ठिकाणी रंगाला फोड आले. आग तेथे असावी म्हणून पोलादी पत्रा कापून पाणी आत सोडावे असे ठरले, तर कापण्याचे यंत्र चालेना. आणि कापूस पाण्यावर तरंगतो. जसजसे पाणी चढले तसतशा धुमसणाऱ्या गासड्या वर उचलल्या गेल्या, आणि वरच्या अंगाला दारूगोळा होता. म्हणजे माणसे जिवाच्या कराराने जे करीत होती त्यानेच आग दारूगोळ्याच्या जवळ जात होती. आत कोणता माल कोणत्या थरात आहे हा कागद आणि ज्यांच्या हाती नळ होता ती माणसे, यांची वेळेवर गाठ पडली असती तर काय झाले असते, ते आज कोणी सांगू शकत नाही. पण गाठ पडावयास हवी होती, एवढे सांगता येते.

या दोन तासांत आणखी एक साधी गोष्ट करण्याजोगी होती. भोंगा वाजवून गोदी रिकामी करता आली असती. शेजारच्या जहाजांना, वखारींतील हमालांना, रस्त्यापलीकडील वस्तीला, "निघा, लांब जा" एवढे सांगता आले असते. त्याला तज्ज्ञ लागत नाही आणि वरिष्ठांची मंजुरीही लागू नये. ते झाले नाही. उलट धूर पाहून बघे जमले.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. 'जलपद्म' नावाच्या जवळजवळ चार हजार टनांच्या जहाजाचे मागचे अंग उचलले जाऊन धक्क्यावरील वखारीच्या छपरावर जाऊन पडले. जळते कापसाचे बोळे, तापलेले लोखंड आणि सोन्याच्या विटा वस्त्यांवर कोसळल्या. लोक मदतीला धावले. कोणी आपल्या माणसाला शोधायला, कोणी जखमींना उचलायला. जहाजाच्या मागच्या फाळक्यात याहून मोठा साठा अजून शिल्लक आहे, हे त्यांना कोण सांगणार? चार वाजून चौतीस मिनिटांनी तो उडाला. सिमल्याच्या वेधशाळेतील भूकंपमापकाने त्याची नोंद केली. सिमला तेथून हजाराहून अधिक किलोमीटर दूर! दगडाच्या पोटातून बातमी सिमल्यास पोहोचली, आणि गोदीच्या भिंतीपलीकडील माणसाला ती मिळाली नाही.

अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्यापुढे मी मस्तक नमवितो. मात्र हौतात्म्याचा गौरव करताना, त्यांना मरणाच्या तोंडी अंधारात कोणी उभे केले हा प्रश्न हाराफुलांखाली झाकला जाऊ नये.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. स्फोटानंतर शहरात जी पहिली बातमी पसरली ती म्हणजे जपान्यांनी बाँब टाकला. आमचे काका त्या वेळी अलेक्झांड्रा गोदीत कामाला होते. तेही तेच समजून धावत सुटले. बायकामुले घेऊन लोक आगगाडीच्या स्थानकांकडे निघाले. अशा वेळी सरकारने काय करावे? खरे काय ते सांगावे. आग कोठवर आहे, कोणत्या वस्त्या सुरक्षित आहेत, जखमी कोणत्या इस्पितळात आहेत, हे सांगावे. सरकारने खबरांवर बंदी घातली. वृत्तपत्रांना तपशील छापण्याची मोकळीक मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. आणि गंमत पाहा. गंमत कसली, दैवदुर्विलास. जपान्यांच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, या स्फोटाची तपशीलवार बातमी दिली होती. म्हणजे ज्या शत्रूपासून गुपित राखावयाचे त्याला सारे कळले होते, आणि ज्या प्रजेच्या डोक्यावर छप्पर राहिले नव्हते तिला महिनाभर काही सांगावयाचे नव्हते!

युद्धात गुप्तता लागते, हे मी मानतो. परंतु गुप्तता आणि मुकेपणा यांत अंतर आहे. सैन्य कोठे जाणार हे सांगू नका. आग कोठे जाणार हे सांगाल की नाही? सरकार गप्प बसले म्हणून लोक गप्प बसत नाहीत. रिकाम्या जागेत पाणी शिरते तशी मौनात अफवा शिरते. आणि एकदा माणसाने संकटाच्या घडीला सरकारवर विश्वास टाकणे सोडले की पुढच्या संकटात खरी सूचनाही तो ऐकत नाही. हे नुकसान कोणत्याही भरपाईच्या यादीत लिहिले जात नाही.

मृतांचा आकडा किती? कोठे सातशेच्या वर लिहिलेला आढळतो, कोठे आठशे, कोठे तेराशे. असे का व्हावे? सैनिकांची हजेरी होती, बंबवाल्यांची होती. परंतु गोदीतील हमाल हा त्या काळी रोजंदारीचा माणूस. सकाळी टोळीवाला बोट दाखवील तो कामावर; त्याचे नाव कोणत्याही वहीत नाही. कोकणातून, घाटावरून आलेला गडी त्या दिवशी आत गेला होता की नाही, याचा पुरावा म्हणजे संध्याकाळी तो खोलीवर परतला नाही एवढाच. सोन्याच्या १२४ विटा होत्या, हे आज ऐंशी वर्षांनंतर मी तुम्हांला ठामपणे सांगू शकतो. पुढे कित्येक वर्षे गाळ उपसताना त्यांतील विटा सापडत राहिल्या आणि त्यांची नोंद होत राहिली. माणसे किती होती, ते सांगता येत नाही. गोदीतील रोजंदारीला नोंदणीचे रूप देणारा कायदा झाला १९४८ साली, आणि मुंबईत त्याची योजना आली १९५१ साली. ती कामगारांच्या संघटित लढ्यातून आली. आणि हजेरीच्या वहीत नाव असणे म्हणजे काय, ते १९४४ ची दुपार पाहिलेल्यांना समजावून सांगावे लागले नाही.

चौकशी झाली. कापसाला आग अपघाताने, बहुधा कोणाच्या तरी धूम्रपानाने लागली असावी, असे मानले गेले. अधिकाऱ्यांच्या गोंधळावर आणि माल भरण्याच्या पद्धतीवरही ठपका आला. परंतु लोकांच्या तोंडी राहिली ती हमालाची विडी. विडी ओढणे चूकच. पण कापूस पेटणे ही एक आग आहे, आणि शहर उडणे ही दुसरी. पहिली विडीने लागली असेल. दुसरी न पोहोचलेल्या निरोपांनी लागली.

मित्रहो, आतापर्यंत मी सरकारला आणि साहेबांना बोललो. आता स्वतःबद्दल बोललो नाही तर ही सारी वाफ ठरेल.

फार वर्षांपूर्वी एका कारखान्यात रात्रपाळीला वायू सुटला. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. टेलिफोन कचेरीच्या खोलीत, आणि खोलीला कुलूप. बंब आला, तर वायू कोणता हे त्यांना सांगायला फाटकावर जबाबदार माणूस नाही. मी बातमी ऐकून तेथे पोहोचलो तेव्हा पन्नास-साठ बायका फाटकाशी आकांत करीत होत्या. व्यवस्थापन बोलत नव्हते. त्या मला ओळखत होत्या. "भाऊ, तुम्ही तरी सांगा," म्हणाल्या. मी हजेरीची वही मागविली, बाहेर आलेल्यांची मोजणी केली, ती जुळली. मी बाकावर उभा राहून सांगितले, "सगळे बाहेर आले आहेत, घरी जा." लोक गेले. शोधही मंदावला. पहाटे टाक्यांच्या मागे दोन माणसे सापडली. ठेकेदाराची माणसे, कायम कामगारांच्या वहीत त्यांची नावे नव्हती. एक वाचला. दुसऱ्याची बायको त्या रात्री माझ्या शब्दावर घरी गेली होती.

मी खोटे बोललो नव्हतो. मला जे माहीत नव्हते ते मी माहीत असल्यासारखे सांगितले. लोक शांत व्हावेत अशी माझी इच्छा होती. १९४४ च्या सरकारची तरी याहून वेगळी कोणती इच्छा होती? तेव्हापासून मी एक शिकलो आहे : संकटाच्या वेळी "आम्हांला अमुक ठाऊक आहे आणि तमुक ठाऊक नाही" असे म्हणणे यात मोठेपणा कमी होत नाही. ठेकेदाराची माणसे वहीत यावीत म्हणून मी त्यानंतर जेथे जेथे भांडलो, तेथे माझ्या मनात ती बाई होती.

गोदीचा धडा आपण घेतला काय? पुणेकरांना १२ जुलै १९६१ आठवतो. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले. धरणावर जवान रात्रभर वाळूची पोती रचीत होते. म्हणजे धोका कोणाला तरी ठाऊक होता. पण नदीकाठच्या पेठांतील संसारांना पाणी दारात आल्यावर कळले. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला वायू सुटला. लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला, आणि दवाखान्यांतील डॉक्टरांना आपण कोणत्या विषावर उपचार करीत आहोत हे नीटपणे कोणी सांगितले नाही. स्थळ निराळे, राज्यकर्ते निराळे, आजार तोच.

परंतु आजार असाध्य नाही. ओडिशात १९९९ सालच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ साली तितक्याच धास्तीचे 'फायलिन' वादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा जवळजवळ दहा लाख लोक आधीच हलविले गेले होते आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. समुद्र बदलला नव्हता. गावोगाव निरोप पोहोचविणारी माणसे, आसऱ्याच्या इमारती आणि "हलायचे" असे सांगण्याचा अधिकार कोणाचा हे आधी ठरलेले असणे, एवढेच बदलले होते.

म्हणून माझे मागणे फार मोठे नाही. जो धोक्याच्या सर्वांत जवळ उभा आहे त्याला सर्वांत आधी कळले पाहिजे. संकटात अंतिम हुकूम कोणाचा, हे संकटापूर्वी ठरले पाहिजे. आत असलेल्या प्रत्येक माणसाचे नाव कोठेतरी लिहिलेले असले पाहिजे, मग तो एका दिवसापुरता का आलेला असेना. आणि आपणही, या सभेतले तुम्ही-आम्ही, धूर दिसला तर "ज्याचे त्याला कळले असेलच" असे म्हणून पुढे जाता कामा नये.

काका आता नाहीत. त्यांच्या टोळीतील चार गडी त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत उसने दिले होते. त्यांची नावे काकांना पाठ होती. त्यांनी ती मला लिहावयास लावली. ती वही माझ्यापाशी आहे. सरकारी यादीत ती नावे आहेत की नाहीत हे मला सांगता येत नाही, पण आता ती एका तरी वहीत आहेत.